शोकेसमधलं मैदान

नवा लॉट आला की मी आधी वास घेते. पार्सलची चिकटपट्टी कापायची, वरचा प्लॅस्टिकचा कागद बाजूला करायचा आणि छाननीला हात घालण्याआधी नाक खाली न्यायचं. कोंदट कागदाचा वास येतो, कधी डांबरगोळ्यांचा, एकदा तर चक्क लोणच्याचा आला होता. जो हवा असतो तो येत नाही. मग मी चष्मा लावते, जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरते आणि कामाला लागते. फाटकी एकीकडे, दुमडलेली एकीकडे, आपल्याकडे आधीच असलेली एकीकडे, शोकेसमध्ये लावण्याजोगी एकीकडे. चिंगमच्या पुडीत एकेक यायची ती क्रिकेटची जुनी कार्डं. नांदेडच्या या फ्लॅटमध्ये माझी एवढी एकच उधळपट्टी आहे. बाकी सगळं यादीनं चालतं. फ्रिजवर वाण्याची यादी, दाराच्या आतल्या बाजूला गॅस नि फिल्टरच्या तारखा, बॅगेत उद्याच्या कामांची चिठ्ठी. आमचे हे दार उघडून पार्सल घेतात आणि म्हणतात, "लोकांच्या बायका साड्या मागवतात. आमच्याकडं गोलंदाज येऊन राहिलेत." मी म्हणते, साडीपेक्षा गोलंदाजाला कपाटात जागा कमी लागते.

हौशी लोक एकेक कार्ड पारखून घेतात. मी तसं करत नाही, मी लॉटच घेते. कुणाचा तरी माळा आवरला जातो, कुणाचा मुलगा परदेशी जातो, आणि खोकाभर कार्डं फोनवर विकायला येतात. चांगलं-वाईट एकत्र, फोटोत दिसतं तेवढं दिसतं. लॉट हा शब्द मला अण्णांनी शिकवला. आमचे वडील, अण्णा, लातूरला बाजार समितीच्या ऑफिसात कारकून होते. तिथं तुरीचा ढीग लागला की तो लॉट. व्यापारी मूठभर दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारणार, पण सौदा निघाला की अख्खा ढीग उचलावा लागणार, खड्यांसकट. "लॉटमधून निवडायचं नसतं, सुने," अण्णा मला सांगायचे. "आणि एकदा हो म्हटलं की म्हटलं." दुसरं वाक्य ते जरा छाती काढून म्हणायचे. त्या वाक्यानं आमच्या घरात काय केलं ते सांगायला मी हे प्रकरण लिहिते आहे.

आमचं घर भाड्याचं, तीन खोल्यांचं, पत्र्याचं. पुढच्या खोलीत भिंतीत बसवलेली शोकेस होती, सरकत्या काचांची. त्या काळी घराची ऐपत शोकेसवरून कळायची. वरच्या फळीवर आईनं विणलेला मण्यांचा मोर, अण्णांना ऑफिसात मिळालेलं घड्याळ, कपबश्यांचा कधीच न वापरलेला संच. खालची लांबलचक फळी ताईची होती. ताई म्हणजे शैला, माझ्याहून मोठी, तेव्हा कॉलेजात शेवटच्या वर्षाला. सगळी गल्ली तिला 'क्रिकेटवाली' म्हणायची. घरी टीव्ही नव्हता. ट्रान्झिस्टर होता, आणि त्याला कान लावून ताई भाकऱ्या थापायची. आई ओरडायची, "शैले, तव्याकडं बघ, काठ जळून राहिलेत!" ताई म्हणायची, "थांब गं आई, षटक संपू दे." तिच्या भाकरीचा एक तरी काठ करपलेला असायचाच. आम्ही त्याला चौकार म्हणायचो.

अण्णांची एक खोड सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. आजोबा निजामाच्या राज्यात शिकलेले, उर्दू लिहिणारे, आणि त्यांची तहजीब अण्णांच्या जिभेवर उतरली होती. घरी आलेल्या पाहुण्यानं कशाचंही कौतुक केलं, तांब्याचं, पेनाचं, दारातल्या जास्वंदीचं, की अण्णा हात छातीशी नेऊन म्हणायचे, "तुमचंच आहे, घेऊन जा." त्यावर पाहुण्यानं म्हणायचं, "छे छे, असू द्या. तुमच्याच घरात शोभतं." झालं. तांब्या जागेवर राहायचा आणि दोघंही खूष. आमच्या भागातल्या जुन्या माणसांना हे दोन्ही बाजूंनी पाठ होतं. ताईनं आणि मी त्याचा खेळ करून टाकला होता. मी म्हणायची, "ताई, वेणी छान दिसतेय." ती झुकून म्हणायची, "तुमचीच आहे, घेऊन जा." मी म्हणायची, "असू द्या, तुमच्याच डोक्यावर शोभते." मग पोट दुखेपर्यंत हसायचं. अण्णा कॉटवर पेपर वाचत असायचे. "टिंगल करा बापाची," म्हणायचे, आणि तेही हसायचे.

आमचा पहिला लॉट आम्ही भर उन्हाळ्यात घेतला. गोलाईत, लातूरच्या मुख्य बाजारात, एका ठोक दुकानात चिंगमचं खोकं उन्हानं वितळून गेलं होतं, आणि दुकानदार ते फेकायच्या बेतात होता. ताईला हे कुठून कळलं देव जाणे. ओवाळणीचे साठवलेले पैसे रुमालात बांधून आम्ही गेलो. ताई वरवरची बरी कार्डं उचलायला लागली तसा दुकानदार म्हणाला, "निवडायचं न्हाई पोरी. लॉट म्हंजे लॉट. न्यायचं तर मुंग्यासकट न्या." ताई माझ्याकडं बघून म्हणाली, "आपल्या अण्णांचाच माणूस दिसतोय." ते खोकं तिच्या सायकलच्या कॅरिअरवर, ते धरून मी मागं पळत, आणि रस्ताभर मुंग्या गळत होत्या. घरी आल्यावर आईनं कपाळाला हात लावला. "उष्टी साखर घेऊन आल्या का गं घरात!"

कार्डं चिंगमला चिकटून बसली होती. ओढली तर खेळाडूचं तोंड चिंगमवर राहायचं. मी सुचवलं, पाण्यात भिजवू. ताईनं मला वेड्यात काढलं, आणि चार-चार कार्डं सुती फडक्यात गुंडाळून माठाखालच्या ओल्या वाळूवर ठेवून दिली. गारव्यानं चिंगम कडक व्हायचं. मग नखाची कड घालून हलकेच दाबलं की टक् असा आवाज होऊन ते सुटून यायचं, आणि खालून अख्खा माणूस निघायचा, बॅट उगारलेला. ती दुपार, माठाचा ओला वास, त्यात मिसळलेला गुलाबी साखरेचा वास, आणि ते टक् टक्. सुटलेलं चिंगम आम्ही चघळत होतो, दगडासारखं. आई पलीकडून म्हणत होती, "म्हशीवानी रवंथ करून राहिल्यात दोघी." मी लॉटच्या पार्सलमध्ये नाक घालते ते त्या वासासाठी. आता कळलं असेल.

कार्डं लावायची कशी यावरून मात्र आमचं वाजलं. माझं म्हणणं साधं होतं. प्रत्येक कार्डामागं नंबर असतो, नंबरानं लावा, नसलेल्यांची यादी करा. ताई म्हणाली, "नंबरानं काय रेशनची रांग लावायचीय का?" तिनं आईच्या ओटीतला एक हिरवा ब्लाउजपीस खालच्या फळीवर अंथरला. मधोमध पुठ्ठ्याची तपकिरी पट्टी, तीन-तीन काड्यापेटीच्या काड्यांचे स्टंप, आणि कार्डांना मागून पुठ्ठ्याचे त्रिकोण चिकटवून ती उभी केली. ते मैदान होतं. रोज सकाळी अंगण झाडून झालं की ती काच सरकवायची आणि आजचा गोलंदाज कोण ते ठरवून फिल्डिंग लावायची. देश-बिश काही नाही, तिला जो जिथं हवा तो तिथं. तिचा आवडता ऑफस्पिनर आला की एक माणूस ती फलंदाजाच्या अगदी मांडीजवळ उभा करायची. "हा शॉर्ट लेग," ती मला सांगायची. "ऑफस्पिनरला शॉर्ट लेग पायजेच. न्हाई तर बिचारा नुसताच हात फिरवत बसतो. सगळ्यात धीट माणूस तिथं लागतो, सुने. मार खाणारा." गल्लीतली पोरं खिडकीतून डोकावून फिल्डिंग बघून जायची. अण्णा ऑफिसला निघताना शोकेससमोर थांबून विचारायचे, "कोण टाकून राहिलं आज?"

मग ताईला बघायला येणार असं ठरलं. स्थळ मुखेडचं, मुलगा नांदेडला सरकारी ऑफिसात, घर चांगलं, पत्रिका आधीच जुळलेली. मध्यस्थ होते खंडूमामा, अण्णांचे लांबचे नातेवाईक, पण सगळ्या गावाचे मामा, ज्यांचं अर्धं आयुष्य लोकांच्या सोयरिकी जमवण्यात गेलं. आदल्या दिवशी आई म्हणाली, "ती पत्त्यासारखी कार्डं काढा आता. मोर खाली आणा. पोरीला शिवणटिपण येतं हे दिसलं पायजे." तो मोर आईचा होता, पण तो ताईच्या नावावर खपवायचं ठरलं होतं. अण्णा मध्ये पडले. "राहू दे गं," ते म्हणाले. "पोरीची हौस हाय, दिसली तर काय बिघडतंय?" हे मी मुद्दाम लिहिते. ते बोलले नसते तर कार्डं ट्रंकेत गेली असती आणि वाचली असती.

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई, त्याच्या बहिणीचा नवरा आणि खंडूमामा. हे बहिणीचे यजमान पुण्याकडचे, घरचे जावई, त्यामुळं मधल्या खुर्चीचा मान त्यांचा. ताई पोह्यांचा ट्रे घेऊन आली, मान खाली. नेहमीचे प्रश्न झाले. मुलगा फारसं बोलत नव्हता, तो शोकेसकडं बघत होता. मग एकदम म्हणाला, "ऑफस्पिनर लावलाय वाटतं. शॉर्ट लेग ठेवलाय म्हणून म्हटलं." ताईनं मान वर केली. त्या अख्ख्या कार्यक्रमात तिनं त्याच्याकडं तेवढ्या एकदाच पाहिलं, पण मी समोर होते आणि मला तिचा चेहरा दिसला. सामना शेवटच्या चेंडूवर यायचा तेव्हा ट्रान्झिस्टरपाशी तिचा चेहरा तसा व्हायचा.

तेवढ्यात जावई उठून काचेजवळ गेले. "अरे वा! फारच छान आहेत ही कार्डं," ते म्हणाले.

अण्णांचा हात छातीशी गेला. "तुमचीच आहेत, घेऊन जा."

"खरंच?" जावई म्हणाले. "आमची पोरं उड्या मारतील हो. एखादी पिशवी मिळेल का?"

मुलाच्या आईचं तोंड उघडलं होतं. पुढचं वाक्य तिला पाठ होतं, याबद्दल मला आजही शंका नाही. पण जावयाचं बोलणं सासूनं चारचौघांत कापायचं नसतं. मुलानं बहिणीच्या नवऱ्याला अडवायचं नसतं. अण्णांनी दिलेला शब्द मागं घ्यायचा नसतो. खंडूमामा चहा बशीत ओतत होते. सगळ्यांना सगळं कळत होतं, पुण्याच्या त्या एका माणसाखेरीज, आणि त्याचाही काही दोष म्हणता येत नाही. त्याला कुणीतरी घेऊन जा म्हणालं आणि तो घेऊन चालला. एवढंच झालं. अण्णा शोकेसकडं न बघता म्हणाले, "शैलू, काढून दे गं त्यांना."

ताईनं काच सरकवली. तिनं सीमारेषेवरची माणसं आधी उचलली, मग आतली, मग यष्टिरक्षक, मग ऑफस्पिनर. फलंदाज आणि शॉर्ट लेग शेवटी उरले. तिनं ती दोन्ही एकदम उचलली आणि साडीच्या दुकानाच्या पिशवीत बाकीच्यांवर ठेवली, मैदानात न मावलेल्या कार्डांचा फळीखालचा गठ्ठाही वर ठेवला, आणि पिशवी दोन्ही हातांनी पुढं केली, तिला सांगून ठेवलं होतं तशी, वाकून. मुलगा सतरंजीकडं बघत होता. हिरव्या कापडावर काड्यांचे स्टंप तेवढे उभे राहिले.

पाहुणे गेले. आई मोरीपाशी भांडी आपटत म्हणाली, "मी म्हणले होते, काढून ठेवा म्हणून." अण्णा अंगणात जाऊन पाय धूत बसले. ते घराबाहेर गेलेलेच नव्हते, तरी पाय धूत होते. मी रडत होते. ताई नाही. अंथरूण घालताना ती माझ्या कानात म्हणाली, "येडे, रडतीस काय? तिथंच तर गेलीत. माझ्याआधी सासरी गेली एवढंच." मग म्हणाली, "त्याला शॉर्ट लेग कळतो, सुने." पुढचे दिवस ती गुणगुणत भाकऱ्या करत होती. सासरी गेल्यावर कार्डं कुठं लावायची याचे बेत आखत होती. तिथं शोकेस नसली तर भिंतीवर फळी ठोकून घ्यायची होती. रोज सकाळी झाडून झाल्यावर ती रिकाम्या मैदानावरची धूळ फडक्यानं टिपायची आणि पडलेला स्टंप उभा करायची.

खंडूमामा उत्तर घेऊन आले तेव्हा ताई दारात शेंगा सोलत बसली होती. मामांनी चप्पल काढायला नको तेवढा वेळ लावला. मग म्हणाले, "पत्रिकेत जरा खोट निघून राहिली म्हणतेत."

आई म्हणाली, "पत्रिका तर यायच्या आधीच जुळली होती की भाऊजी!"

"आता काय सांगू वैनी. माणसं हायेत. देतील ते कारण घ्यायचं."

ताईनं शेंगेवरून नजर न काढता विचारलं, "मामा, आणि कार्डं?"

"कशाची कार्डं गं?" मामा म्हणाले.

ताई उठली. टोपलं उचलून आत गेली. मुलगी पसंत पडली नव्हती, कार्डं पसंत पडली होती. त्या कुटुंबानं लॉटमधून निवड केली होती.

काही दिवसांनी अण्णांनी रजा टाकली. मुखेडला ऑफिसचं काम आहे असं त्यांनी घरात सांगितलं, आणि मला म्हणाले, "तू चल सोबत. एकटा गेलो तर भांडायला आल्यासारखं दिसंल." म्हणजे कशाला चाललो ते मला कळलं. अहमदपूरला गाडी बदलली. बाजाराचा दिवस होता, गाडीत कोंबड्या आणि मिरच्यांची पोती. अण्णा खिडकीतून बाहेर बघत ओठ हलवत होते. काय बोलायचं त्याची ते तयारी करत होते, आम्ही परीक्षेआधी करायचो तशी.

मुलाच्या आईनं आम्हांला दारात बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. पण तिनं आत घेतलं, पाणी दिलं, चिवडा दिला, चहा ठेवला. मुलगा नांदेडला होता. अण्णा तुरीच्या भावाबद्दल बोलले, पावसाबद्दल बोलले, पुन्हा तुरीबद्दल बोलले. बाहेर अंगणातून एक आवाज येत होता. टर्रर्र, थोडं थांबून पुन्हा टर्रर्र. मी दारातून डोकावले. त्या बाईच्या लेकीची, म्हणजे पुण्याच्या जावयांची, मुलं सुट्टीला आली होती. एक मुलगी सायकल फिरवत होती, आणि मागच्या चाकाच्या तारांमध्ये कपड्यांच्या चिमट्यांनी कार्डं अडकवली होती. चाक फिरलं की आवाज निघत होता. कार्डांच्या कडा झिजून दोऱ्यांसारख्या लोंबत होत्या. दोन-तीन कार्डं पायरीवर पडली होती, बरी होती. बाकीची आत एखाद्या खोक्यात असणार.

ती बाई अण्णांना हळूच म्हणाली, "भाऊ, काही काम काढून आला होता का?"

"न्हाई न्हाई," अण्णा म्हणाले. "इकडं आलो होतो, म्हटलं भेटून जावं."

निघताना अंगणात अण्णा थांबले. सायकल समोरून गेली. मी त्यांचा शर्ट मागून ओढला. अण्णा घसा खाकरून म्हणाले, "छान आहेत कार्डं."

मला तो डाव लगेच कळला आणि मनातल्या मनात मी उडी मारली. मागायचं नाही, फक्त कौतुक करायचं. त्या बाईलाही कळलं. ती दोन पावलं पुढं आली, तिनं पायरीवरची कार्डं उचलली, पदरानं पुसली, आणि अगदी खरं, डोळ्यांत बघून म्हणाली, "तुमचीच आहेत भाऊ. घेऊन जा."

अण्णांचा हात छातीशी गेला.

"छे छे," ते म्हणाले. "असू द्या. लेकरांच्याच हातात शोभतात."

ती हात पुढं करून तशीच उभी होती. तिनं पुन्हा एकदा कार्डं पुढं केली असती तर! पण दुसऱ्यांदा म्हणायची रीत नाही. अण्णांनी नमस्कार केला आणि फाटकाबाहेर पडले, नेहमीपेक्षा जोरात चालत. अहमदपूरच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना ते बाकावर बसले आणि म्हणाले, "सुने, मी काय म्हणालो गं तिथं?"

मी म्हणाले, "असू द्या म्हणालात."

"तिला खरंच द्यायची होती का?"

"हाव अण्णा."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला नाही. स्टँडवरच्या टपरीतून त्यांनी मूठभर चिंगम घेतलं. घरी येऊन ताईपुढं धरलं. पुड्यांमध्ये कार्डं होती की सिनेमाचे स्टिकर, ते कुणालाच कळलं नाही, कारण ताईनं एकही पुडी उघडली नाही. "नको अण्णा," ती म्हणाली. "दात दुखून राहिलेत." आईनं दुसऱ्या दिवशी मैदान आवरलं. मोर खाली आला. हिरव्या ब्लाउजपीसचं ताईला ब्लाउज शिवलं, पुढच्या पाहुण्यांसाठी. काड्या चुलीत गेल्या. त्यानंतर ताईची एकही भाकरी करपलेली मला आठवत नाही.

तिचं लग्न अहमदपूरला झालं, शाळेत नोकरी करणाऱ्या माणसाशी. भाऊजी भले आहेत, तिला कशाचं कमी नाही. ते मॅच लावून बसतात तेव्हा ती आत भाजी निवडते. एकदा मी तिथं असताना भाऊजींनी हाक मारली, "अहो, या, शेवटचं षटक आहे." ती आतून म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं?" भाऊजींना ते खरं वाटतं. त्यांनी तिला दुसरी कुठली पाहिलेलीच नाही. अण्णांना ती अखेरपर्यंत जपत होती. औषधं, डबा, सगळं वेळेवर. त्यांच्या शेवटच्या आजारपणात त्यांनी तिचा हात धरून काहीतरी सुरू केलं, "शैलू, त्या दिवशी मुखेडला..." ती म्हणाली, "असू द्या अण्णा." मी उशाशी उभी होते. त्यांना जे बोलायचं होतं, ते तिथंच राहिलं.

म्हणून माझे हे लॉट. मी भावनेत वाहून जाणारी बाई नाही. मला एक वस्तू परत करायची होती आणि ती बाजारात मिळत होती, म्हणून मी मागवत गेले. आठवतील तेवढे सगळे चेहरे मी त्या खोक्यांतून शोधले. घराला रंग द्यायला काढला तेव्हा सुताराकडून हॉलमध्ये भिंतभर शोकेस करून घेतली, आत दिवे लावले. वरच्या फळ्यांवर कार्डं नंबरानं लावली, माझ्या पद्धतीनं. खालची फळी मोकळी ठेवली. या दिवाळीनंतर ताई राहायला येणार म्हणाली तेव्हा बाजारातून हिरवा ब्लाउजपीस आणला, काड्या तोडल्या, आणि आठवून आठवून फिल्डिंग लावली. ऑफस्पिनर तोच आहे. तो सापडायला सगळ्यात जास्त लॉट लागले.

ती आली. गुडघ्यांबद्दल बोलली, बसमधल्या गर्दीबद्दल बोलली. मी पोहे केले होते. खाऊन हात धुऊन ती हॉलमध्ये आली आणि शोकेससमोर उभी राहिली. मी दिवे लावले. ती बराच वेळ बघत होती. मग तिचं बोट वर आलं आणि काचेला टेकलं, फलंदाजाच्या मांडीजवळ, जिथं कुणीच नव्हतं. मी एक माणूस पार लांब, स्क्वेअर लेगला उभा केला होता. शॉर्ट लेग विसरले होते. तिचं बोट तिथंच होतं. आता बोलेल, मला वाटलं, येडे म्हणेल.

"छान दिसतंय गं," ती म्हणाली.

"ताई, तुझंच आहे," मी म्हणाले. "घेऊन जा. सगळं. खरंच सांगतेय."

ती वळली. तिच्या चेहऱ्यावर आमच्या जुन्या खेळातलं हसू कुठंतरी असेल म्हणून मी शोधत होते. तिथं अण्णांचं हसू होतं, पाहुण्यांपुढचं.

"असू दे," ती म्हणाली. "तुझ्याच घरात शोभतं."

मग काचेवर तिच्या बोटाचा डाग पडला होता तो तिनं पदराच्या टोकानं पुसून टाकला, लोकांच्या घरी पुसतात तसा.